थेंबाचा माग: पिकअपच्या इंजिनातील ऑइल गळती कशी शोधावी व कशी थांबवावी



आपल्या सभासदांच्या कुटुंबांत आज शिक्षक आहेत, परिचारिका आहेत, कारकून आहेत, तशी वाहनावर पोट असलेलीही पुष्कळ मंडळी आहेत. भाजीपाला, दुधाचे कॅन, सिमेंटच्या गोण्या, मंडपाचे सामान वाहणारी पिकअप गाडी कर्जाने घेऊन अनेक तरुणांनी स्वतःचा धंदा उभा केला आहे. अशा घरातील गाडी आठ दिवस उभी राहिली म्हणजे आठ दिवसांची कमाई बुडते, हप्ता मात्र थांबत नाही. म्हणून या स्मरणिकेसाठी आम्ही साधाच पण उपयोगी विषय निवडला आहे. इंजिनाखाली पडणारा ऑइलचा थेंब नेमका कुठून येतो, हे कसे ओळखावे आणि ती गळती कायमची कशी बंद करावी, हा तो विषय होय.

स्मरणिकेत अशा विषयाला जागा कशाला, असे कोणी म्हणेल. त्यांना आम्ही एवढेच आठवण करून देऊ की, परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९४२ साली व्हाइसरॉयना सादर केलेल्या निवेदनात अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी शास्त्र व तंत्रशिक्षणाच्या शिष्यवृत्त्या आग्रहाने मागितल्या होत्या. हाताला ऑइल लागले म्हणजे माणूस कमी होत नाही. ते ऑइल का लागले, हे समजून घेण्याचे ज्ञान मात्र हातापाशी असले पाहिजे. नाहीतर हात दुसऱ्याच्या सांगण्यावर चालतात आणि खिसाही दुसऱ्याच्या सांगण्यावर रिकामा होतो.

एका गाडीची हकीगत

आमच्या रविवारच्या अभ्यासवर्गाला एक तरुण सभासद आपली डिझेल पिकअप घेऊन आला. चार सिलिंडरचे इंजिन, नाशिकहून भाजी भरून कसारा घाट उतरून वाशीच्या बाजारात जाणे आणि रिकामी किंवा परतीचा माल घेऊन येणे, हा तिचा नित्यक्रम. गाडी उभी केली की इंजिन आणि गिअर बॉक्स जेथे जोडले जातात त्या बेल हाउसिंगच्या खालून काळे थेंब पडत. महिनाभरापूर्वी एका गॅरेजमध्ये त्याला सांगण्यात आले की, क्रँकचे मागचे ऑइल सील गेले आहे. त्याप्रमाणे गिअर बॉक्स उतरवून सील बदलण्यात आले. चार दिवस गाडी उभी, भाड्याचे चार दिवस बुडाले, वर मजुरी हजारांत गेली. गाडी आठ दिवस कोरडी राहिली आणि नवव्या दिवशी थेंब पुन्हा सुरू झाले. आता इंजिनच उघडावे लागेल, असे तो कुठेतरी ऐकून आला होता. गाडी विकून टाकावी काय, असा त्याच्या मनात विचार चालला होता. त्या महिन्याचा हप्ता भरायचा राहिला होता, हे त्याने आम्हाला नंतर हळूच सांगितले.

येथे आम्ही आमची चूकही सांगितली पाहिजे. कार्यशाळेत बरीच वर्षे काढल्यामुळे आम्हाला वाटले की, बेल हाउसिंगखाली थेंब म्हणजे सीलच. नवे सील वाकडे बसले असेल. आम्ही तसे बोलूनही गेलो. तेव्हा आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा अभ्यासक्रम शिकणारी एक विद्यार्थिनी म्हणाली, "सर, इंजिन धुऊन बघितलं का? वरून येत असेल तर?" आम्ही गप्प झालो. धुऊन कोणीच पाहिले नव्हते. गॅरेजवाल्यानेही नाही, गाडीच्या मालकानेही नाही आणि आम्हीही नाही. सगळ्यांनी फक्त थेंब पाहिला होता.

अंगुत्तर निकायात केसपुत्त येथील कालामांना तथागतांनी केलेला उपदेश आपण वर्षावासात अनेकदा ऐकतो. ऐकीव आहे म्हणून, परंपरेने चालत आले म्हणून किंवा सांगणारा मोठा आहे म्हणून एखादी गोष्ट मान्य करू नये, स्वतः पारखून घ्यावी, असा त्याचा आशय आहे. तो उपदेश आम्हीही वाचून दाखवीत असू. त्या दिवशी एका विद्यार्थिनीने तो गाडीच्या बॉनेटखाली आम्हाला पुन्हा शिकवला.

ऑइल बाहेर का येते

इंजिनाच्या तळाशी ऑइलचे भांडे असते. त्याला आपले मेकॅनिक चेंबर म्हणतात. ऑइल पंप तेथून ऑइल ओढून फिल्टरमधून दाबाने क्रँकच्या बेअरिंगपर्यंत, कॅमशाफ्टपर्यंत आणि टर्बो असल्यास टर्बोपर्यंत पोहोचवतो. काम झालेले ऑइल वरून निथळत पुन्हा चेंबरमध्ये येते. या प्रवासात जेथे जेथे दोन भाग जोडलेले आहेत तेथे पॅकिंग असते आणि जेथे फिरणारा दांडा बाहेर येतो तेथे रबरी सील असते. गळती या दोन ठिकाणीच प्रामुख्याने होते.

ऑइलची अवस्था तीन प्रकारची असते, हे विद्यार्थ्यांनी पक्के लक्षात ठेवावे, कारण शोधाची अर्धी किल्ली त्यातच आहे.

१. दाबाखालचे ऑइल: फिल्टर, ऑइल प्रेशर स्विच, टर्बोला जाणारा ऑइल पाइप. येथील गळती इंजिन चालू असताना जोरात होते आणि बंद केल्यावर थांबते.

२. शिंतोड्यांचे व निथळणारे ऑइल: टॅपेट कव्हर, टायमिंग कव्हर. येथे ऑइल पाझरते, हळूहळू ओघळते आणि धूळ धरून काळा थर तयार होतो.

३. साठलेले ऑइल: चेंबरचे पॅकिंग, ड्रेन बोल्टचा वॉशर. येथील थेंब गाडी रात्रभर उभी असतानाही पडत राहतो.

याशिवाय एक चौथी गोष्ट आहे, ती म्हणजे इंजिनाच्या पोटातील हवेचा दाब. सिलिंडरमधील थोडा वायू पिस्टनच्या रिंगांच्या बाजूने खाली क्रँककेसमध्ये येतोच. आपल्याकडे याला बॅक कॉम्प्रेशन म्हणतात. हा वायू बाहेर जाण्यासाठी ब्रीदर पाइप दिलेला असतो. तो पाइप चोंदला तर वायूला वाट राहत नाही आणि तो ऑइलला घेऊन जो जोड कमकुवत असेल त्यातून बाहेर पडतो. अशा गाडीत आज एक पॅकिंग बदलले तर उद्या दुसरे गळते. मालक पॅकिंगला दोष देतो, खरा दोष ब्रीदरचा असतो.

शोध घेण्याची पद्धत

पहिली पायरी: ते इंजिन ऑइलच आहे काय?

गाडीखाली रात्री स्वच्छ पुठ्ठा पसरावा व सकाळी डाग पाहावा. डिझेल इंजिनाचे ऑइल काळे असते. गिअर ऑइल जाडसर असते आणि त्याला गंधकासारखा उग्र वास येतो. पॉवर स्टिअरिंगचे तेल बहुधा लालसर असते. कूलंट हिरवे, गुलाबी किंवा निळे असून बोटांना पाण्यासारखे पातळ लागते. डिझेल वासावरूनच कळते. ब्रेक ऑइल पातळ व फिकट असते. ते गळत असेल तर गाडी तेथेच थांबवावी. ब्रेक दुरुस्त झाल्याशिवाय चाक हलवू नये.

गेज काडीवर पातळीही पाहावी. गळती असूनही पातळी वाढत असेल तर ऑइलमध्ये डिझेल किंवा पाणी मिसळत आहे असे समजावे. दुधासारखा पांढुरका रंग पाण्याची खूण होय. तो वेगळा आणि गंभीर रोग आहे.

दुसरी पायरी: धुणे

इंजिन पूर्ण थंड असताना अल्टरनेटर, वायरिंगचे जोड, इलेक्ट्रॉनिक कंट्रोलचा डबा आणि हवा ओढण्याचे तोंड प्लास्टिकने बांधून घ्यावे. डिग्रीझर ब्रशने चोळून जुना थर सोडवावा, बेताच्या पाण्याने धुवावे आणि कापडाने कोरडे करावे. पेट्रोलने धुण्याची सवय जीवघेणी आहे. एका ठिणगीने भडका उडतो. ज्यांना पाणी मारायचे नसेल त्यांनी कापड व ब्रश यांवरच भागवावे. वेळ लागतो, पण धोका राहत नाही.

तिसरी पायरी: वरून खाली पाहणे

ऑइल खाली वाहते, आणि गाडी धावत असताना वाऱ्याने मागे ढकलले जाते. म्हणून थेंब जेथे पडतो ती जागा बहुतेक वेळा गळतीच्या जागेच्या खाली आणि मागे असते. शोध घेताना या उलट जावे. सर्वात वरचा आणि सर्वात पुढचा ओला भाग कोणता, तो शोधावा. इंजिन चालू करून दहा-पंधरा मिनिटे गरम होऊ द्यावे, टॉर्च आणि छोटा आरसा घेऊन इंजिनाची मागची बाजूही पाहावी. पिकअपमध्ये इंजिन लांबीने बसवलेले असते आणि त्याची मागची बाजू केबिनच्या पत्र्याला इतकी जवळ असते की आरशाशिवाय ती दिसतच नाही. आरसा धरताना पंख्याचा पट्टा व तापलेला एक्झॉस्ट यांपासून हात, ओढणी आणि सदऱ्याची बाही दूर ठेवावी.

चौथी पायरी: बारीक गळतीसाठी पावडर

डोळ्यांना नेमके दिसत नसेल तर इंजिन बंद करून कोरड्या भागावर टाल्कम पावडर हलकेच भुरभुरावी, गाडी थोडी फिरवून आणावी व पुन्हा पाहावे. पांढऱ्या पावडरीत काळी रेघ उमटते आणि तिचे वरचे टोक गळतीच्या मुळाशी जाते. मोठ्या गॅरेजमध्ये ऑइलमध्ये चमकणारा रंग मिसळून अतिनील दिव्याने पाहतात. तत्त्व दोन्हींचे एकच आहे.

पाचवी पायरी: मागचे सील दोषी ठरवण्यापूर्वी

बेल हाउसिंगच्या तळाशी बहुधा छिद्र किंवा लहान पत्र्याचे झाकण असते. ते उघडून आत पाहावे. क्रँकचे मागचे सील गळत असेल तर फ्लायव्हीलच्या मागून ऑइल आतच उतरते, आतील बाजू ओली दिसते आणि गळती जास्त असल्यास क्लच घसरू लागतो. आतल्या ओलाव्याला गिअर ऑइलचा उग्र वास असेल तर दोष गिअर बॉक्सच्या पुढच्या सीलचा आहे. आत कोरडे आणि बाहेरून ओले असेल तर गिअर बॉक्स उतरवण्याचे कारणच नाही.

आमच्या सभासदाच्या गाडीचे झाकण काढले तेव्हा आत फ्लायव्हील कोरडे होते. बाहेर मात्र इंजिनाच्या पाठीवरून ओघळ आलेला होता. इंजिन धुऊन, पावडर मारून ती फिरवून आणली, तेव्हा काळी रेघ टॅपेट कव्हरच्या मागच्या कोपऱ्यापर्यंत गेली. तेथे कॅमशाफ्टच्या टोकाशी अर्धचंद्राच्या आकाराचे रबर बसवलेले असते. ते रबर आणि कव्हरचे पॅकिंग दोन्ही उष्णतेने प्लास्टिकसारखे कडक झाले होते. पहिल्या दुरुस्तीनंतर आठ दिवस गाडी कोरडी का राहिली, तेही उलगडले. सील बदलताना इंजिन धुतले गेले होते. वरचा ओघळ पुन्हा तळापर्यंत पोहोचायला आठ दिवस लागले, इतकेच.

आम्ही तेथेही थांबलो नाही. पॅकिंग इतके का दाबले गेले, हे पाहण्यासाठी ब्रीदर पाइप काढला. हवेच्या फिल्टरचा डबा बदलताना तो पाइप मुडपून बसवलेला होता आणि मुडपलेल्या जागी काळा चिकट गाळ साचून वाट जवळजवळ बंद झाली होती. म्हणजे थेंबाचे कारण पॅकिंग, आणि पॅकिंग लवकर हरण्याचे कारण ब्रीदर. नुसते पॅकिंग बदलून दिले असते तर तो दोन-तीन महिन्यांत पुन्हा दारात आला असता.

ब्रीदर साफ केल्यावर एक परीक्षा जरूर करावी. इंजिन मंद चालू ठेवून ऑइल भरण्याचे झाकण जपून सैल करावे. थोडी वाफ येणे स्वाभाविक आहे. परंतु आगगाडीच्या इंजिनासारखे जोराचे झोत येत असतील तर पिस्टन रिंगा झिजल्या आहेत असे समजावे. मग पॅकिंगवर खर्च करण्यापूर्वी मालकाला तशी स्पष्ट कल्पना द्यावी. सुदैवाने या गाडीत वाफ बेताचीच होती.

टॅपेट कव्हरचे पॅकिंग बदलण्याची रीत

१. गाडी सपाट जागी उभी करून हँडब्रेक लावावा, चाकांना दगड किंवा लाकडी ठोकळे लावावेत, इंजिन थंड होऊ द्यावे आणि बॅटरीची ऋण वायर काढावी. गाडीखाली जायचे झाल्यास नुसत्या जॅकवर विश्वास ठेवू नये. भक्कम स्टँड लावावेत.

२. कव्हरच्या आजूबाजूची धूळ आधी पुसावी, म्हणजे उघडल्यावर ती आत पडणार नाही. आड येणारे पाइप काढताना त्यांवर खुणेच्या चिठ्ठ्या लावाव्यात.

३. बोल्ट बाहेरच्या बाजूने आत, थोडे थोडे सैल करावेत. कव्हर निघत नसेल तर स्क्रू ड्रायव्हर खुपसून उचकटू नये. त्याने ॲल्युमिनियमवर ओरखडा पडतो आणि ओरखडा म्हणजे नवी गळती. रबरी हातोडीने बाजूने हलके ठोकावे.

४. जुने पॅकिंग व सिलिकॉन प्लास्टिकच्या किंवा लाकडाच्या पट्टीने खरवडावे. उघड्या इंजिनावर स्वच्छ कापड पसरलेले असावे. किती बोल्ट, किती वॉशर काढले ते मोजून ठेवावे. एक वॉशर आत राहिला तर सगळे इंजिन धोक्यात येते.

५. कव्हर पत्र्याचे असेल तर स्टीलची पट्टी लावून त्याची कड सरळ आहे काय ते पाहावे. पूर्वी कोणी बोल्ट जोराने आवळले असतील तर बोल्टच्या छिद्राभोवती पत्रा दबलेला असतो. तो लाकडी ठोकळ्यावर ठेवून हलक्या हाताने सपाट करावा.

६. नवे रबरी पॅकिंग कोरड्या, तेलकटपणा काढलेल्या कडेवर बसवावे. सिलिकॉन फक्त अर्धचंद्र रबराच्या दोन्ही कोपऱ्यांत, थेंबभर लावावे. सगळ्या कडेला जाड थर देण्याची पद्धत चुकीची आहे. जादा सिलिकॉन आत सुटून चेंबरमध्ये जाते, ऑइल पंपाच्या जाळीत अडकते आणि ऑइलचा दाब पडतो. थेंब वाचवायला जाऊन इंजिन गमवावे, असे होते.

७. बोल्ट मधून सुरू करून बाहेरच्या दिशेने, दोन-तीन फेऱ्यांत आवळावेत. या बोल्टांना जोर फारच थोडा लागतो. बहुतेक गाड्यांत तो ८ ते १० न्यूटन मीटरच्या आसपास असतो. नेमका आकडा त्या गाडीच्या सर्व्हिस पुस्तकात पाहावा आणि टॉर्क पान्यानेच आवळावे. "अजून थोडे" ही सवय पॅकिंग फाडते.

८. सिलिकॉन वाळण्यासाठी डबीवर सांगितलेला वेळ द्यावा. ब्रीदर पाइप साफ करून किंवा नवा घालून, मुडपणार नाही असा बसवावा. एक्झॉस्टवर सांडलेले ऑइल पुसून काढावे, कारण तापल्यावर त्याचा धूर होतो आणि आग लागण्याचाही संभव असतो.

९. इंजिन चालू करून पाहावे, ५० किलोमीटरनंतर पाहावे आणि ५०० किलोमीटरनंतर पुन्हा पाहावे. या तिसऱ्या तपासणीपर्यंत काम पूर्ण झाले असे म्हणू नये.

१ एप्रिल २०२० पासून देशात बीएस ६ मानकाच्या नव्या गाड्या आल्या आहेत. त्यांत क्रँककेसचा वायू उघड्यावर न सोडता ऑइल वेगळे करणाऱ्या यंत्रणेतून पुन्हा इंजिनात नेतात. तेथे ब्रीदर काढून मोकळा सोडण्याची जुनी युक्ती करू नये आणि पुस्तकात सांगितलेल्या प्रतीचेच ऑइल घालावे. भलते ऑइल धुराच्या फिल्टरला मारक ठरते.

थेंबाचा हिशोब

एक-दोन थेंबांनी काय होते, असे चालक म्हणतात. विद्यार्थ्यांनी हा हिशोब त्यांना करून दाखवावा. २० थेंबांचे १ मिलिलिटर धरू. सेकंदाला एक थेंब पडत असेल तर तासाला ३,६०० थेंब, म्हणजे १८० मिलिलिटर झाले. सहा तासांत १,०८० मिलिलिटर, म्हणजे लिटरहून अधिक. गेज काडीवरील वरच्या व खालच्या खुणांत साधारण एक लिटरच्या आसपास अंतर असते. म्हणजे सकाळी पातळी बरोबर असलेली गाडी घाटातून जाऊन येईपर्यंत खालच्या खुणेपाशी येऊ शकते. चालत्या गाडीत ऑइलचा लाल दिवा लागला तर "पुढच्या गावापर्यंत जाऊ" असे म्हणू नये. गाडी बाजूला घेऊन इंजिन ताबडतोब बंद करावे. दाबाविना चाललेल्या इंजिनाची बेअरिंगे काही मिनिटांत जळतात आणि मग पॅकिंगच्या शेकड्यांतील खर्चाऐवजी क्रँकच्या कामाचा खर्च अंगावर पडतो.

हात आणि माती यांची काळजी

वापरलेले इंजिन ऑइल वर्षानुवर्षे कातडीला लागत राहणे आरोग्यास घातक आहे. त्यामुळे कातडीच्या कर्करोगाचाही धोका वाढतो. हातमोजे वापरावेत, ऑइलचे फडके खिशात कोंबू नये, हात पेट्रोलने न धुता साबणाने धुवावेत. काढलेले ऑइल गटारात किंवा जमिनीवर ओतू नये. २०१६ च्या घातक कचरा नियमांनुसार ते नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडेच गेले पाहिजे. घट्ट झाकणाच्या कॅनमध्ये साठवून ते अधिकृत संकलकाला द्यावे. आपल्या वस्तीच्या विहिरीवर आणि नाल्यावर आपलीच मुले वाढत असतात, हे विसरू नये.

समारोप

त्या सभासदाची गाडी एका दिवसात तयार झाली. पॅकिंग, अर्धचंद्र रबर आणि ब्रीदरचा पाइप एवढेच सामान लागले. ५०० किलोमीटरनंतर तो गाडी घेऊन आला तेव्हा इंजिनाची पाठ कोरडी होती. पहिल्या दुरुस्तीत गेलेले पैसे आणि बुडालेले चार दिवस मात्र त्याला परत मिळाले नाहीत. गॅरेजवाल्याने फसवले, असे आम्ही म्हणणार नाही. त्याने घाई केली, आणि तीच घाई आम्हीही केली होती. न पाहता सांगितलेले निदान सांगणाऱ्याला सोपे असते, त्याचा भार मात्र गाडीच्या मालकाच्या घरावर पडतो. सम्यक् आजीविका म्हणजे केवळ वाईट धंदा न करणे एवढेच नसून, चांगला धंदाही खऱ्या माहितीवर करणे होय, असे आम्हाला वाटते.

आपल्या धम्मात प्रज्ञा, शील आणि करुणा यांची शिकवण आहे. कारण शोधल्याशिवाय पाना हातात न घेणे ही मेकॅनिकची प्रज्ञा, जे दिसले तेच ग्राहकाला सांगणे हे त्याचे शील, आणि समोरच्याच्या हप्त्याची जाणीव ठेवून कमीत कमी खर्चाचा खरा उपाय करणे ही त्याची करुणा. आणि जी विद्यार्थिनी ज्येष्ठांना "धुऊन बघितलं का?" असे विचारते, तिला दटावू नये, जवळ बसवावे. त्या दिवसापासून आमच्या वर्गात कोणतीही गाडी आली की पहिला प्रश्न तिचाच विचारला जातो.

अभ्यासासाठी प्रश्न

१. इंजिन चालू असतानाच गळते आणि बंद केल्यावर थांबते, तर गळती कोणत्या प्रकारच्या ऑइलची असावी? तीन जागा सांगा.

२. बेल हाउसिंगखाली थेंब आहे. गिअर बॉक्स उतरवण्यापूर्वी कोणत्या तीन तपासण्या कराल?

३. दर दोन सेकंदांना एक थेंब पडत असेल तर आठ तासांत किती ऑइल जाईल? (उत्तर: ७२० मिलिलिटर)

४. पॅकिंग नवे घालूनही वारंवार गळत असेल तर कोणत्या पाइपाची तपासणी कराल व का?

५. सिलिकॉन जास्त लावल्याने कोणता अपाय होतो, ते स्वतःच्या शब्दांत लिहा.

सर्वांचे मंगल होवो. जयभीम! नमो बुद्धाय!